वाढत्या व्यवसायात प्रशिक्षणावरचा खर्च नेमका कशावर करावा?

प्रश्न : कारखानदार

नमस्कार. आमचा यंत्रांना लागणारे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. सुमारे ऐंशी कामगार, दोन पाळ्या, सीएनसी (संगणकाने चालणारे) लेथ आणि मशीनिंग सेंटर मिळून वीसेक यंत्रे, असा पसारा आहे. येत्या दोन वर्षांत सध्याच्या साध्या भागांच्या जोडीने अधिक काटेकोर टॉलरन्सचे (मापात फारच थोडा फरक चालणारे) भाग घ्यायचे, असे आम्ही ठरवले आहे. कारण साध्या भागांत दरांची ओढाताण इतकी वाढली आहे की ऑर्डरी वाढल्या तरी हाती फारसे काही उरत नाही. नव्या यंत्रांसाठी कर्ज मिळेल, ग्राहकही बोलणी करायला तयार आहेत. अडचण माणसांची आहे. नवा जॉब स्वतंत्रपणे सेट करू शकतील, म्हणजे नव्या भागासाठी यंत्र आणि टूल लावून देऊ शकतील, असे सेटर आमच्याकडे मोजून चार आहेत. बाकीचे ऑपरेटर जॉब चकमध्ये (यंत्राच्या पकडीत) लावणे, सायकल सुरू करणे आणि तयार भाग काढून ठेवणे यापलीकडे गेलेले नाहीत.

प्रशिक्षणासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला काढावी, असा प्रस्ताव मी भागीदारांपुढे ठेवला. त्यावर त्यांचे म्हणणे असे की, मागे एकदा बाहेरची संस्था बोलावून घेतलेल्या दोन दिवसांच्या कार्यक्रमातून काहीच निष्पन्न झाले नाही. सर्वांनी अभिप्रायाच्या कागदावर ‘उत्तम’ असे लिहिले आणि रिजेक्शन, म्हणजे नापास भागांचे प्रमाण, होते तेवढेच राहिले. शिवाय शिकून तयार झालेला माणूस थोड्या जास्त पगारावर दुसरीकडे जातो, म्हणजे खर्च आपला आणि फायदा दुसऱ्याचा. त्यांचा शेवटचा आक्षेप मात्र मला स्वतःलाही खोडता आलेला नाही : यंत्रात घातलेल्या पैशाचा हिशेब मांडता येतो, प्रशिक्षणात घातलेल्या पैशाचा मांडता येत नसेल, तर तो पैसा यंत्रातच का घालू नये?

ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. माणसे हीच खरी संपत्ती वगैरे मला मान्य आहे. सोमवारी सकाळी कारखान्यात जाऊन काय करायचे, हे मला कळत नाही.

उत्तर : जुना प्रशिक्षक

आपण दिशा ठरवूनच बसला आहात, आणि ती बहुतेकांकडे नसते, त्यामुळे आपले काम अर्धे सोपे झाले आहे. बहुतेक ठिकाणी वर्षाचा प्रशिक्षणाचा आराखडा बाजारात कोणते अभ्यासक्रम मिळतात ते पाहून तयार होतो : संवादकौशल्य दोन दिवस, वेळेचे नियोजन एक दिवस, सुरक्षितता अर्धा दिवस. यातले काहीही वाईट नाही, पण त्याचा आणि धंदा कुठे न्यायचा आहे याचा संबंध योगायोगाने लागला तर लागतो. आपल्या त्या दोन दिवसांच्या कार्यक्रमाचे हेच झाले असावे, असा माझा अंदाज आहे.

आपण उलट्या बाजूने निघावे. दोन वर्षांनी काटेकोर भाग घ्यायचे आहेत. त्यासाठी कोणत्या कामात आज अडायला होते? सेटिंग आणि मोजमाप. ही कामे चार सेटर करतात आणि बाकीचे करत नाहीत. मग या दोहोंमधला फरक नेमका कोणता, हे ऑफिसात बसून न ठरवता यंत्रापाशी उभे राहून पाहावे. त्याच वेळी आमच्या क्षेत्रातला एक जुना प्रश्न स्वतःला विचारावा : अगदी जिवावर बेतले असते, तर या माणसाला हे काम जमले असते का? उत्तर ‘होय’ असेल, तर त्याला शिकवण्यासारखे काही नाही. त्याच्याकडे गेज (मोजण्याचे साधन) नसेल, ड्रॉइंगची प्रत जुनी असेल किंवा नीट काम केल्याने त्याचेच नुकसान होत असेल. आणि यांपैकी काहीही वर्गात बसवून दुरुस्त होत नाही. उत्तर ‘नाही’ असेल, तरच प्रशिक्षणाचा विचार करावा. एवढ्या एका गाळणीतून अर्धेअधिक प्रस्ताव खाली पडतात, असा माझा अनुभव आहे.

एक उदाहरण आपल्याच कामातले घेतो. समजा, १०० मिलिमीटरचा बोअर, म्हणजे भागातले गोल छिद्र, आज आपण एच ७ या टॉलरन्सच्या श्रेणीत करता. त्याला मापात एकूण सूट ३५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. उद्या ग्राहक एच ६ मागेल, तेव्हा ती २२ मायक्रॉनवर येईल. पोलाद एका अंशाने तापले की दर मीटरला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढते. म्हणजे यंत्रातून नुकताच निघालेला भाग गेज शून्यावर लावायच्या मास्टर रिंगपेक्षा दहा अंशांनी गरम असेल, तर तो बोअर साडेअकरा मायक्रॉन मोठा दिसणार. ड्रॉइंगवरची मापे २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात, हे बहुतेक ऑपरेटरांना कोणी कधी सांगितलेलेच नसते. त्यात डायल बोअर गेज पुढेमागे झुलवून काटा जिथून परत फिरतो ते सर्वांत लहान वाचन घ्यायचे असते. गेज तिरका राहिला, तर माप आणखी मोठे दिसते. ऑपरेटर प्रामाणिकपणे मोजतो, माप मोठे आले म्हणून टूलचा ऑफसेट (यंत्रात भरलेली टूलच्या जागेची दुरुस्ती) कमी करतो आणि भाग थंड झाल्यावर बोअर लहान भरतो. एच ७ मध्ये ही चूक बहुतेक वेळा त्या ३५ मायक्रॉनांतच जिरून जात होती. एच ६ मध्ये ती अर्धी सूट खाऊन टाकेल. आपल्या धोरणाने कोणत्या अज्ञानाची किंमत वाढवली, हे असे शोधायचे असते. आणि ते सापडले की शिकवायचा विषय दोन दिवसांचा न राहता दोन तासांचा होतो.

शिकवायचे कसे, याची पद्धत फार जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, अमेरिकेत ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी उपक्रम सुरू झाला. अनुभवी कामगार सैन्यात जात होते, कारखान्यांची मागणी वाढत होती आणि नव्या माणसांना वर्षानुवर्षे उमेदवारी करायला लावण्याइतका वेळ नव्हता. उपक्रमाने थेट कामगारांना न शिकवता त्यांच्या सुपरवायझरना शिकवावे कसे हे शिकवले : दहाएक जणांचा गट, दोन-दोन तासांच्या पाच बैठका, बस्स. १९४५ पर्यंत १६,५०० हून अधिक कारखान्यांतल्या १६ लाखांहून अधिक लोकांना त्याची प्रमाणपत्रे मिळाली. युद्धानंतर तीच पद्धत जपानमध्ये गेली आणि टोयोटाने ती आपल्या कामाचा पाया म्हणून जपली.

पद्धत चार पायऱ्यांची आहे. आधी माणसाला तयार करायचे, म्हणजे त्याला काय येते ते विचारायचे. मग काम करून दाखवायचे. पहिल्यांदा टप्पे सांगत, दुसऱ्यांदा प्रत्येक टप्प्यातली मेख (जिच्यावर काम साधते किंवा बिघडते ती बारीक गोष्ट) सांगत, तिसऱ्यांदा त्या मेखेचे कारण सांगत. नंतर त्याच्याकडून तसेच बोलत बोलत करून घ्यायचे. शेवटी त्याला कामावर लावून वारंवार जाऊन पाहायचे आणि हळूहळू पाहणे कमी करायचे. त्यासाठी आधी कामाची फोड एका कागदावर लिहून काढावी लागते. बोअर मोजण्याची फोड केली, तर ‘भाग मास्टर रिंगशेजारी ठेवून थंड होऊ द्यावा’ ही मेख आणि ‘गरम भाग मोठा दिसतो’ हे कारण, असे शेजारीशेजारी येईल. कारण न सांगितलेली मेख घाईच्या दिवशी सर्वांत आधी गळते. या उपक्रमाच्या खिशात ठेवायच्या कार्डावर एक ओळ छापलेली असे, तिचा आशय असा की, शिकणाऱ्याला आले नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलेच नाही. बाहेरून येऊन दोन दिवसांत निघून जाणाऱ्याला ही जबाबदारी घेता येत नाही, म्हणूनच शिकवण्याचे काम मी शक्यतो आतल्या माणसाकडे ठेवतो.

उत्तर : खतावणी

मी हिशेबाच्या बाजूचा माणूस आहे, म्हणून आपल्या भागीदारांच्या शेवटच्या आक्षेपापुरते लिहितो. प्रशिक्षणाचा हिशेब मांडता येत नाही, हे खरे नाही. तो यंत्रासारखा आयता येत नाही, एवढेच.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचे मूल्यमापन चार पातळ्यांवर करावे, असे मांडले : शिकणाऱ्यांना कसे वाटले, ते काय शिकले, कामावरचे त्यांचे वागणे बदलले का, आणि त्यातून संस्थेच्या हाती काय लागले. आपले ‘उत्तम’ लिहिलेले कागद पहिल्या पातळीचे आहेत. तिथेच थांबायचे असेल, तर हिशेब मांडता येणार नाही हे उघड आहे. मी स्वतः ही शिडी वरून खाली उतरतो. आधी संस्थेचा कोणता आकडा हलायला हवा ते ठरवतो, तो हलण्यासाठी कोणी काय वेगळे करायला हवे ते लिहितो, आणि मगच त्यासाठी काय शिकवायचे याकडे येतो.

आपल्या बाबतीत रिजेक्शनच्या आधी मी दुसराच एक आकडा पाहीन, कारण तो कोणत्याच नोंदवहीत दिसत नसणार. वीस यंत्रे आणि चार सेटर आहेत, आणि तेही दोन पाळ्यांत विभागलेले. एका पाळीत दोन यंत्रांचा जॉब एकदम संपला आणि तिसऱ्यावर टूल बदलायचे असले, तर किमान एक यंत्र सेटरची वाट पाहत उभे राहणार. प्रत्येक यंत्रापाशी एक कागद लावावा आणि पंधरा दिवस त्यावर फक्त घड्याळाच्या तीन वेळा लिहायला सांगाव्यात : यंत्र कधी थांबले, सेटर कधी आला, पहिला भाग तपासणीत कधी पास झाला. समजा, महिन्यात साठ सेटिंग होतात आणि प्रत्येकामागे सरासरी एक तास नुसता वाट पाहण्यात जातो, तर महिन्याला साठ यंत्रतास आपण आधीच विकत घेऊन ठेवले आहेत आणि वापरत नाही. हे तास मिळवण्यासाठी नवे यंत्र घेतले, तर तेही त्याच रांगेत उभे राहील. यंत्र की प्रशिक्षण, असा प्रश्न भागीदार विचारतात तेव्हा हा कागद त्यांच्यापुढे ठेवावा.

खर्चाची बाजूही पूर्ण धरावी. शिकवणाऱ्याचे मानधन हा त्यातला लहान भाग असतो. शिकताना थांबलेले यंत्र, सेटरचा शिकवण्यात गेलेला वेळ आणि सरावात वाया गेलेला माल हा मोठा. हे लपवून फायदा फुगवलेला प्रस्ताव एकदा मंजूर होतो, दुसऱ्यांदा होत नाही.

फायदा प्रशिक्षणामुळेच झाला कशावरून, हा पुढचा प्रश्न येणारच. सर्वांना एकदम शिकवू नये. आधी एका पाळीला शिकवावे, दुसऱ्या पाळीला दोन-तीन महिन्यांनी, आणि मधल्या काळात दोन्ही पाळ्यांचे आकडे शेजारीशेजारी ठेवावेत. दोन्ही पाळ्यांना त्याच प्रकारचे जॉब मिळतील एवढी काळजी घ्यावी लागते, नाहीतर आकडे काहीही सांगू लागतात. ही तुलना संशोधकांच्या तोडीची नसते, पण भागीदारांच्या बैठकीला पुरते. अधिक काटेकोर पुरावाही या विषयात उपलब्ध आहे. बंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांपैकी काहींची सोडतीने निवड करून त्यांना संवाद, वेळेचे नियोजन, अडचण सोडवणे अशा गोष्टी शिकवण्यात आल्या होत्या, आणि निवड न झालेल्यांशी तुलना केली तेव्हा शिकलेल्या स्त्रियांची उत्पादकता दहा टक्क्यांहून अधिक वाढलेली आढळली, तर कारखान्याला मिळालेला परतावा खर्चाच्या दुपटीहून अधिक होता. मात्र तिथे पगार जेमतेम वाढले, हेही त्याच अभ्यासात आहे. त्याबद्दल कोणाला काय वाटायचे ते वाटो.

आपोआप अनुभवाने माणसे शिकतातच की, असेही भागीदार म्हणतील. शिकतात. टी. पी. राइट या विमान अभियंत्यांनी १९३६ मध्ये विमानबांधणीचे आकडे मांडून दाखवले होते की एकूण उत्पादन दुप्पट झाले की दर विमानामागचे श्रम साधारण वीस टक्क्यांनी घटतात. पण दुपटीचा हा हिशेब नीट पाहावा : पन्नास भागांवरून शंभरावर जाणे सोपे, पाच हजारांवरून दहा हजारांवर जायला फार काळ लागतो. काटेकोर भागांच्या ऑर्डरी सुरुवातीला लहान असतात. तिथे अनुभवाची वाट पाहत बसलात, तर पहिल्या काही ऑर्डरींतच ग्राहक निघून जाईल.

उत्तर : तिसरी पाळी

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, तरीही दोघांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे आणि माझ्या मते सगळे तिथेच फसते. त्यांनी असे धरले आहे की सेटर शिकवतील.

सेटरने का शिकवावे? आज तो कारखान्यात चौघांपैकी एक आहे. त्याच्या एका होकारावर सुपरवायझरची पाळी चांगली किंवा वाईट जाते, ओव्हरटाइमला पहिला फोन त्यालाच येतो आणि रजा मागताना त्याला अजिजी करावी लागत नाही. आणखी आठ जणांना सेटिंग आले, की हे सारे संपले. तो उघडपणे ‘नाही’ म्हणणार नाही. तो दाखवील, पण भराभर. ऑफसेटचे आकडे टाकताना पॅनेलपुढे उभा राहील, आणि ‘हे हळूहळू हाताला कळेल’ असे म्हणून पुढे जाईल. मी अनेक वर्षे पाळी सांभाळली आहे आणि हे दृश्य मला नवे नाही. यात सेटरचा दोष आहे असेही मला वाटत नाही, कारण आपल्या पोटावर पाय आणणारी गोष्ट कोणीही आनंदाने करत नाही.

म्हणून शिकवण्याआधी सेटरची पुढची जागा ठरवावी. काटेकोर भागांसाठी फिक्श्चर (भाग घट्ट धरणारी जोडणी) ठरवणे, प्रोग्रॅम तपासणे, नव्या भागाची पहिली प्रक्रिया बसवणे ही कामे तशीही कोणालातरी करावीच लागणार आहेत. ती या चौघांना, वाढीव श्रेणीसह आणि लेखी, द्यावीत. शिकवणे हा त्या श्रेणीच्या कामाचा भाग करावा, उपकार म्हणून मागू नये. आणि जुना प्रशिक्षक ज्या कामाच्या फोडीबद्दल लिहितात, तो कागद सेटरनेच लिहावा, ऑफिसातल्या इंजिनिअरने नव्हे. इंजिनिअर टप्पे बरोबर लिहितो, मेख मात्र त्याच्या हातून सुटते. जबडे घासल्यावर थोडे आत-बाहेर कसे करावे, इन्सर्ट (टूलचे कापणारे टोक) बदलल्यावर पहिला कट किती जपून घ्यावा, कोणत्या यंत्राचा झेड अक्ष सकाळी गार असताना थोडा सरकतो, हे फक्त सेटरला ठाऊक असते.

दुसरी गोष्ट बोनसची. आपल्याकडे ऑपरेटरला भागांच्या संख्येवर बोनस असेल, तर भाग थंड होऊ देणे, मास्टरवर गेज पुन्हा शून्यावर आणणे, यातले प्रत्येक मिनिट त्याच्या खिशातून जाते. वर्गात त्याने मान डोलावली तरी यंत्रापाशी तो जुन्याच पद्धतीने मोजणार. बाल्डविन आणि फोर्ड या संशोधकांनी १९८८ मध्ये शिकलेले कामावर उतरते की नाही याचा आढावा घेतला, तेव्हा त्यांनी शिकणारा माणूस, शिकवण्याची रचना आणि कामाच्या जागेचे वातावरण, अशा तीन बाजू मांडल्या होत्या. कारखान्यात आपण पहिल्या दोन बाजूंवर पैसे घालतो आणि तिसरी तशीच सोडतो. निदान काटेकोर भागांच्या यंत्रांवर तरी बोनस पास झालेल्या भागांवर ठेवावा.

आणि शिकल्यानंतर त्याच आठवड्यात सेटिंग करायला मिळाले पाहिजे. डिस्पॅचची घाई असताना सुपरवायझर नव्या माणसाच्या हाती यंत्र देत नाही. मीही दिले नसते. त्यामुळे साध्या भागांचे, कमी घाईचे काही जॉब आधीच बाजूला काढून ‘हे सरावाचे’ म्हणून ठरवावेत. भिंतीवर कौशल्यांचा तक्ता लावावा : डावीकडे नावे, वर कामे, प्रत्येक चौकटीत चार भागांचे वर्तुळ. पाहिले असेल तर एक भाग भरायचा, देखरेखीखाली केले तर दुसरा, एकट्याने केले तर तिसरा, दुसऱ्याला शिकवता आले तर चौथा. तक्ता ऑफिसात लावू नये. पाळी बदलताना सुपरवायझर ज्या भिंतीपाशी उभा राहतो, तिथेच लावावा.

उत्तर : सेवाखिडकी

मी कारखान्यात नाही, ग्राहकसेवेच्या कार्यालयात काम करते, म्हणून थोडक्यात लिहिते. आमच्याकडे दर नव्या योजनेच्या आधी दिवसभर माहिती देतात आणि आठवड्याने निम्मे कर्मचारी तेच प्रश्न पुन्हा विचारतात. मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले स्मरणाचे प्रयोग यासाठी सांगितले जातात : निरर्थक अक्षरगट पाठ केल्यावर ते पुन्हा पाठ करायला लागणाऱ्या श्रमांत एका तासानंतर ४४ टक्के बचत होत होती, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि महिन्यानंतर २१ टक्के. हे आकडे कामाच्या शिक्षणाला जसेच्या तसे लावणे चुकीचे आहे, कारण त्यांनी मुद्दाम अर्थ नसलेली अक्षरे घेतली होती आणि अर्थ कळलेली गोष्ट इतक्या वेगाने पुसली जात नाही. पण थोडेथोडे, अंतर ठेवून आणि मध्येमध्ये आठवायला लावून शिकवलेले जास्त टिकते, हे त्यानंतरच्या कितीतरी प्रयोगांत दिसले आहे. आम्ही दिवसभराचे सत्र मोडून पाळीच्या सुरुवातीला दहा मिनिटांचे प्रश्न ठेवले, आणि पुन्हा पुन्हा विचारणे बरेच कमी झाले.

दुसरे असे की, उणीव कोणती हे ठरवताना फक्त हाताच्या कौशल्याकडे पाहू नये. डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचे एक विमान इंधन संपून कोसळले आणि दहा माणसे गेली. चाकांच्या बिघाडाकडे वैमानिकाचे सारे लक्ष लागले होते. इंधन कमी होत असल्याचे सहकाऱ्यांना दिसत होते, पण ते त्यांनी पुरेशा ठामपणे सांगितले नाही. सारे जण विमान चालवण्यात निष्णात होते. त्यानंतर १९८१ मध्ये त्याच कंपनीने वैमानिकांच्या गटाला एकमेकांशी बोलायला, शंका काढायला आणि ऐकून घ्यायला शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला, आणि आज जगभर तो वैमानिकांच्या शिक्षणाचा भाग आहे. आपल्या कारखान्यात ऑपरेटरला माप संशयास्पद दिसले, तर तो यंत्र थांबवून सेटरला तसे सांगू शकतो का, हे एकदा पाहावे.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर : कारखानदार

सर्वांचे मनापासून आभार. यंत्रापाशी तीन वेळा लिहिण्याचा कागद सोमवारपासूनच लावतो, त्यासाठी कोणाची मंजुरी लागत नाही. सेटरबद्दल ‘तिसरी पाळी’ यांनी लिहिलेले वाचून मला आमचे चारही चेहरे डोळ्यांसमोर दिसले, एवढेच सांगतो. श्रेणीचा विषय भागीदारांपुढे आधी नेईन, शिकवणीचा नंतर.

शिकलेली माणसे सोडून जाण्याच्या आक्षेपाला मात्र कोणी हात घातलेला नाही. एक भागीदार म्हणतात, शिकवण्याआधी दोन-तीन वर्षे नोकरी न सोडण्याचा बाँड लिहून घ्यावा. हे योग्य ठरेल का?

उत्तर : खतावणी

तो मुद्दा माझ्याकडून राहून गेला. अर्थशास्त्रात हा प्रश्न गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये नीट मांडला होता. जे कौशल्य कुठेही चालते त्याचा खर्च मालक सोसणार नाही, कारण माणूस ते घेऊन जाऊ शकतो, आणि जे फक्त आपल्याच कारखान्यात चालते त्याचा खर्च मालक सोसेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रत्यक्षात मात्र जर्मनीतल्या कंपन्या शिकाऊ उमेदवारांना तीन-साडेतीन वर्षे कुठेही चालणारे काम शिकवतात आणि त्याचा बराच खर्च स्वतः उचलतात. असे का होते, याचे स्पष्टीकरण आसेमोग्लू आणि पिश्के या अर्थतज्ज्ञांनी १९९० च्या दशकात दिले : कौशल्य वाढते तितका पगार बाजारात वाढत नाही, आणि कोणाला किती येते हे आताच्या मालकाला जितके ठाऊक असते तितके बाहेरच्याला नसते, म्हणून शिकलेला माणूस ठेवूनही मालकाच्या हाती काही उरते.

आपल्यासाठी याचा अर्थ असा की, शिकवायचे आणि पगार जुनाच ठेवायचा, यातच माणसे जाण्याचे मूळ आहे. कौशल्यांच्या तक्त्यावर तिसरा भाग भरला की पगारात किती वाढ, चौथा भरला की किती, हे शिकवायला सुरुवात करण्याआधीच जाहीर करावे. वाढ बाहेरच्या दराइतकी नसली तरी चालते; परक्या ठिकाणी नव्याने स्वतःला सिद्ध करण्याचा त्रास माणूसही हिशेबात धरतोच. शिवाय आठ जणांना शिकवले आणि दोघे गेले, तरी आज चार आहेत त्याऐवजी दहा सेटर आपल्याकडे उरतील. या आक्षेपात गेलेल्या दोघांचाच हिशेब होतो, राहिलेल्यांचा कोणी करत नाही.

बाँडचे म्हणाल, तर महागड्या बाहेरच्या अभ्यासक्रमासाठी, प्रत्यक्ष झालेल्या खर्चापुरता आणि काळ सरेल तसा कमी होत जाणारा करार समजण्यासारखा आहे. तोही वकिलाला दाखवूनच करावा. यंत्रापाशी दोन-दोन तास शिकवण्यासाठी बाँड मागितला, तर आधी सर्वांत हुशार ऑपरेटरच शिकायला नकार देईल, कारण बाहेर जाण्याची शक्यता त्यालाच सर्वांत जास्त असते, आणि आपल्याला शिकवायचे असते तेही त्यालाच.

उत्तर : तिसरी पाळी

बाँडच्या बाबतीत सहमत. तक्त्यावरची वाढ कोण ठरवणार, हेही आधीच लिहून ठेवावे. सेटर आणि सुपरवायझर दोघांनी मिळून पाहिल्याशिवाय वर्तुळाचा भाग भरू नये, आणि पाहायचे म्हणजे तोंडी विचारायचे नाही. शिकणाऱ्याने जॉब या दोघांसमोर सेट करून, पहिला भाग थंड होऊ देऊन, तपासणी विभागाकडून पास करून घ्यायचा. एकाच्या शब्दावर वर्तुळे भरली जाऊ लागली, की सहा महिन्यांत सगळी भरलेली दिसतात आणि यंत्र मात्र सेटरची वाट पाहत तसेच उभे असते.